अब्बूंसाठी लावलेला कौल

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत. त्यात हे दुःखही माझं नाही. ते माझ्या मित्राचं आहे, त्याच्या घरातलं आहे, आणि ते घर मी कधी पाहिलेलं नाही. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरू नये एवढं मला कळतं. म्हणून मित्राला विचारलं, लिहू का? त्याने हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. मग म्हणाला, "लिही. पण नावं घालू नको. आमची माणसं अजून तिथेच राहतात." म्हणून इथे कुणाचंच नाव नाही. माझ्या वडिलांचंही नाही. कुठे कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी कुडाळला शिकतो. आमचं गाव धामापूरच्या तलावावरून पुढे, थोडं आत. बाबा भातशेती करतात, डोंगराला काजूची कलमं आहेत. पहिलं वर्ष मी एसटीने ये-जा केली. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलं उशिरापर्यंत चालायला लागली तेव्हा कुडाळात खोली घेतली. भाडं एकट्याला परवडेना, म्हणून वर्गातल्या एका मुलाला बरोबर घेतलं. तो काश्मीरचा. तिकडच्या मुलांसाठी सरकारी योजनेतून कॉलेजात काही जागा असतात, त्यातून तो आला होता. नकाशात बोट ठेवून त्याने गाव दाखवलं तेव्हा बोटाखाली गाव नव्हतंच, नुसता डोंगराचा तपकिरी रंग होता.

त्याला इथली दमट हवा सोसत नसे. सोलकढी त्याने पहिल्यांदा प्यायली तेव्हा औषध घेतल्यासारखा चेहरा केला. पण भाषा मात्र त्याने लवकर उचलली. आमच्या खाणावळीच्या मावशी त्याला मुद्दाम मालवणीतच विचारायच्या, "काय रे गोऱ्या, खंय होतंस दोन दिवस? बांगड्याचा निस्त्याक केल्लंय, बस." आणि तोही पाट ओढत म्हणायचा, "हयच होतंय मावशे, काटे काढून दी." सगळी खाणावळ हसायची.

वडील काय करतात विचारलं की तो म्हणायचा, शेती. सफरचंदाची बाग आहे. ते खरंच होतं. अर्धंच खरं आहे हे मला त्या खाणावळीतच कळलं.

एका दुपारी जेवताना त्याच्या मोबाइलवर कुणाचा तरी आवाजी निरोप आला. त्याने कानाला लावून तो ऐकला, पुन्हा ऐकला, आणि ताट बाजूला सरकवलं. मी विचारलं तर म्हणाला, "शेजारच्या गावच्या सरपंचाला मारलं. दुकानात शिरून."

"का?" मी विचारलं. मला वाटलं जमिनीचं भांडण असेल.

"सरपंच होता म्हणून."

मग खोलीवर येऊन त्याने सांगितलं. त्याचे वडील, ज्यांना तो अब्बू म्हणतो, तेही सरपंच होते. निवडणुकीत दुसरा कुणी अर्जच भरला नाही, म्हणून बिनविरोध निवडून आले. देशापासून वेगळं व्हायचं म्हणणारी एक हत्यारबंद संघटना तिथे आहे. मत मागणारा आणि पद घेणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी गद्दार. कधी पंच, कधी सरपंच, कधी एखाद्या पक्षाचा साधा कार्यकर्ता, असे एकेक करून ते टिपत होते. गावात कागद चिकटवून जायचे, पद सोडा नाहीतर कफन शिवून ठेवा. काहींनी मशिदीच्या भोंग्यावरून सगळ्यांसमोर राजीनामा जाहीर केला आणि जीव वाचवला. अब्बूंनी दिला नाही. वरच्या मोहल्ल्यात पाण्याचे पाइप टाकायचं काम अर्ध्यावर होतं. म्हणायचे, मी सोडलं तर उरलेले पाइप गंजून जातील. तेव्हापासून सरकारने त्यांना आणि त्यांच्यासारख्या आणखी काही सरपंचांना तालुक्याच्या गावी एका हॉटेलात ठेवलं होतं. खाली पोलीस, वर एका खोलीत चौघे. स्वतःच्या घरी जायचं तर लपून.

मला हे पटकन समजेना. आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की वाडीवाडीत दोन पॅनेल पडतात. वडे-सागुतीच्या जेवणावळी उठतात, सख्खे भाऊ वर्षभर बोलत नाहीत, आणि हरलेला माणूस देवळात नारळ वाढवून म्हणतो, पुढच्या खेपेक बघतंय. सरपंच होणं हा मान. त्यासाठी माणसं हॉटेलात लपतात ही गोष्ट माझ्या डोक्यात बसेना.

दिवाळीच्या आधी भातकापणीला मी त्याला घरी घेऊन आलो. खळ्यात कापलेल्या भाताच्या उडव्या रचल्या होत्या. मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा विळा घासत होते, ते थांबले.

"सरपंचाक कोण मारता रे? आमच्या सरपंचाक लोक शिव्यो घालतत, तेवढ्यान भागता."

"खरंच मारतात, काका," मित्र म्हणाला.

आई चुलीकडून ओरडली, "आधी त्या झिलाक जेवूक घाला, मगे इचारा काय ता."

जेवण झालं आणि त्याच वेळी अब्बूंचा फोन आला. मित्र बोलता बोलता उठून उभा राहिला. त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती, पण तो विनवतोय एवढं कळत होतं. फोनवर हात ठेवून त्याने सांगितलं, उद्या घरी जातो म्हणतायत. सफरचंदं उतरवायला. बाग बघितल्याशिवाय राहवत नाही म्हणतात.

बाबांनी त्याच्या हातातून फोन घेतला. स्पीकर लावला, कारण त्यांना तसंच बोलता येतं, आणि शेतात हाक मारावी तशा आवाजात बोलायला लागले.

"भाईसाब, हम बाप बोलता है."

"किसके बाप?" पलीकडून आवाज आला.

"इधर का! तुम्हारा झील इधर है, हमारा घर में. आप उद्या मत जाओ. दो दिन थांबो. हम देव को पूछता है."

झील म्हणजे मुलगा, हे त्यांना कुठून कळणार! मग अब्बू हसले. मोकळं, खोल हसू. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला.

आमच्या गावात काहीही ठरवायचं असलं की रवळनाथाला कौल लावतात. मुलीचं लग्न, विहीर कुठे खणायची, मुंबईला नोकरीला जायचं की नाही, सगळं. गुरव पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. मी कॉलेजात शिकतो म्हणून यावर हसणारा मुलगा नाही. विश्वास किती आहे ते मात्र विचारू नका, माझं मलाच सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे देवळात गेलो. मित्र पायरीशी थांबला. गुरव आतून म्हणाला, "वर ये रे. देवळात कोण परको नसता." सभामंडपात दोन-तीन मानकरी बसले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्याने बाबांना टोमणा मारला, "आता काश्मीरचो पण कौल आमचोच देव देतलो? नेटवर्क तरी पोचता काय रे थंय?"

"तुझ्या झिलाक दुबईत नोकरी लागली ती खंयच्या नेटवर्कार?" बाबा म्हणाले. म्हाताऱ्याने पान जुळवायला घेतलं.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हो पोर लांबच्या मुलखातसून तुझ्या पायाकडे इलो आसा. तेचो बापूस गावाचा काम करता म्हणान काय लोक तेच्या जीवावर उठले आसत. तेच्या वाटेर काय वायट आसात तर ता आडवून धर रे म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!" मित्रही म्हणाला. त्याचा आवाज सगळ्यांच्या मागून एकटा आला.

डावी पाकळी पडली.

बाबांनी खळ्यात येऊन फोन लावला. "भाईसाब, डावा आया. नको बोला है."

अब्बू म्हणाले, "घर में सबने मना किया, मैंने किसी की नहीं सुनी. अब इतनी दूर से कोई मना कर रहा है, तो मान लेता हूँ."

ते गेले नाहीत. सफरचंदं त्यांच्या धाकट्या भावाने उतरवली. त्या आठवड्यात त्यांच्या गावात काहीही झालं नाही. ते गेले नाहीत म्हणून झालं नाही, की गेले असते तरी झालं नसतं, हे कोण सांगणार? पण बाबांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

त्यानंतर हे सुरूच राहिलं. अब्बूंना घरी जायचं असलं की ते बाबांना फोन करायचे. सुरुवातीला गमतीने. "मंदिर हो आए, भाईसाब?" मग गंमत कमी होत गेली. पुतणीच्या लग्नाला उजवा आला, ते जाऊन सुखरूप परत आले. हिवाळ्यात छपरावरचं बर्फ पाडायला जायचं होतं, तेव्हा डावा आला, थांबले. मध्ये एकदा मित्राने त्यांना विचारलं, तुम्ही हे खरंच मानता का? ते म्हणाले, आपल्याकडे दर्ग्याला धागा बांधतात, त्या बिचाऱ्याकडे पाकळ्या आहेत. धागा बांधणारा माणूस खरा असला की झालं.

सुट्टीहून येताना मित्राने सफरचंदांची पेटी आणली. बाबांनी आधी देवापुढे ठेवली, मग वाडीत घरोघर एकेक वाटलं. टोमणा मारणाऱ्या म्हाताऱ्याला दोन दिली. इथून काजूगर गेले. अब्बूंनी फोन करून विचारलं की याला मीठ लावून खायचं की साखर. बाबांना हिंदीत सांगता येईना, म्हणून आई फोनवर आली आणि मालवणीतच उसळीची कृती सांगत सुटली. अब्बू मध्ये मध्ये "जी, जी" म्हणत होते. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "एक अक्षर कळला नसात तेंका." आई म्हणाली, "कळूक कित्या होया? माणूस आयकता मा?"

बाबांच्या मोबाइलमध्ये तो नंबर मी 'काश्मीर' म्हणून भरून दिला होता. त्या वर्षात आमच्या घरी तिकडच्या बातम्या लागल्या की बाबा काम टाकून टीव्हीपुढे येऊन उभे राहत. कुठे पंचाला मारलं, कुठे कार्यकर्त्याला घराच्या अंगणात गाठलं. नाव ऐकेपर्यंत बसत नसत. नाव दुसऱ्याचं निघालं की खाली बसत, आणि मग थोड्या वेळाने आपल्याशीच म्हणत, "तो पण कोणाचो तरी बापूस."

आणि मग पुन्हा भातकापणी आली, म्हणजे तिकडे सफरचंदांचा हंगाम.

आमच्या भावकीतले एक आजोबा गेले, बाबांचे चुलतकाका. वय झालेलं होतं, झोपेत गेले. पण भावकीतलं माणूस गेलं की सगळ्या घरांना सुतक. तेराव्यापर्यंत देवळाची पायरी चढायची नाही, देवाला हात लावायचा नाही, कौल तर नाहीच. कापणीसाठी मी घरी आलो होतो, तेव्हा दुपारी अब्बूंचा फोन आला. त्यांच्या धाकट्या भावाचा पाय झाडावरून पडून मोडला होता. बागेत उतरवायला माणूस नाही. व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता. त्यांना दोन दिवस तरी घरी जायचं होतं. ते म्हणाले, पूछ लीजिए, भाईसाब.

बाबा कपाळाला हात लावून बसले. "भाईसाब, हमारा भावकी में माणूस गेला है. हम सुतक में है. देव बंद है."

"देवता बंद हैं?"

"नाही नाही. देव चालू है. हम बंद है."

अब्बू हसले. बाबाही हसले. ते दोघे एकत्र हसलेले मी ऐकले ते तेव्हा शेवटचं.

"आप तेरावा तक थांबो," बाबा म्हणाले. "तेरावा झाला की पहिला काम आपका."

अब्बू म्हणाले, सेब नहीं रुकते, भाईसाब. मग थोडं थांबून म्हणाले, अच्छा, देखते हैं.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "गुरवाक सांगा मा. गुरवाक खंय सुतक आसा? तो इचारीत तुमच्या वतीन."

"मी उभो नसताना माझ्या तोंडचो प्रश्न तो कसो इचारतलो? गाऱ्हाणां माझ्या नावान पडता. सुतकातल्या नावान घातलेला गाऱ्हाणां देव घेता?"

"मगे दुसऱ्या कोणाक तरी उभो करा."

"दुसऱ्याचो काय संबंध? त्या बाप्यान माका इचारल्यान."

आई आत भाकऱ्या थापायला गेली. मीही विळा उचलून शेतात गेलो. बाबा त्यांच्या दृष्टीने बरोबर होते. आमच्याकडे कुणीही तसंच केलं असतं.

मी कुडाळला परत गेलो. दोन दिवसांनी, आम्ही दोघे खोलीवर जर्नल लिहीत बसलो असताना मित्राला त्याच्या काकांचा फोन आला. अब्बूंची तब्येत बिघडली आहे, निघून ये. एवढंच. मित्राने काय झालंय, कुठल्या दवाखान्यात आहेत असं बरंच विचारलं, पण काका तेच तेच म्हणत राहिले. मी त्याच्याबरोबर कुडाळ स्टेशनवर गेलो. त्याने अंगावर साधा शर्ट घातला होता. मी म्हटलं, तिकडे थंडी असेल ना, स्वेटर घे. तो म्हणाला, घरी आहे. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता. हात हलवला नाही, नुसता बघत होता.

त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. त्यांच्या भागात नेटवर्क बंद करतात हे त्यानेच सांगितलेलं होतं, त्यामुळे मी स्वतःला तेच सांगत राहिलो. बाबांनाही तब्येत बिघडल्याचं कळवलं. ते रोज अब्बूंचा नंबर लावून बघायचे. बंद. "बरां झाला एक परीन," ते म्हणाले. "आजारी आसत तर घराक जावचे नाय. दवाखान्यात पोलीस तरी आसतले." आम्ही दोघेही तब्येत या शब्दाला धरून बसलो होतो.

तेराव्याला मी घरी आलो. सकाळी विधी आटोपले, घर शिंपून घेतलं. बाबा न जेवताच नारळ घेऊन निघाले. म्हणाले, "चल, पहिला काम तेंचा."

देवळात गुरव वाटच बघत होता. त्याने नेहमीसारखं गाऱ्हाणं घातलं. बाबांनी प्रश्न सांगितला: तो माणूस बरा होऊन आपल्या घरी सुखरूप जाईल काय? पाकळ्या लावल्या. आमच्याकडे कधी कधी अर्धा तास पाकळी हलत नाही. त्या दिवशी घंटेचा आवाज विरायच्या आत उजवी पडली.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरवाने दिलेली पाकळी मुठीत धरून ते तसेच पायऱ्या उतरले आणि खाली पिंपळाच्या पाराशी उभं राहून फोन लावला. स्पीकरवर.

"रिंग वाजता!" ते मला म्हणाले.

पलीकडे फोन उचलला गेला. बाबांनी कोण ते ऐकलंच नाही.

"भाईसाब! उजवा आया! एकदम उजवा! जाओ, आता बिनधास्त घर जाओ!"

पलीकडे कुणीतरी दार लोटून घेतलं.

"काका," आवाज आला. तो माझ्या मित्राचा होता. आमच्या घरी बोलायचा तसा, मालवणीतच बोलत होता. "काका, मी बोलतंय. अब्बूंचो फोन माझ्याकडे आसा."

"बरां केलंस रे झिला. खंय आसत ते? दी तेंका, मी सांगतंय..."

"ते घराक गेलेच नाय, काका. चाचान मोडक्या पायार बसून माणूस पाठवलेल्यान, न्हेवक. अब्बूंनी तेका सांगल्यानी, माझो थंयचो भाव, भाईसाब, मंदिरात जावक थांबलो आसा, तो सांगीत, मगे येतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी रोटी आणूक खाली उतरले. हॉटेलच्या दारातच, काका. दोघे जण बंदूक घेवन इल्ले. मी पोचलंय तवसर माती झालेली."